देवाची आज्ञा आणि पहिलीची संमति

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ति निघावयाची आहे. संपादकांनीं आमच्या शाखेचीं मुद्रितें तपासण्यासाठीं माझ्याकडे पनवेलला पाठविलीं, आणि आजोबांच्या नांवापुढें मला अशी नोंद आढळली: प्रथम पत्नी अनपत्य, तिच्या संमतीनें १९३९ मध्यें द्वितीय विवाह, द्वितीय पत्नीपासून दोन पुत्र व दोन कन्या. त्या दोन पुत्रांपैकीं धाकट्याचा मी मुलगा. म्हणजे ज्या प्रथेविरुद्ध हा लेख लिहावयाचा आहे तिचेंच मी फळ आहें. हें वाचकांस आरंभींच सांगून टाकलेलें बरें. मागाहून कोणी शोधून काढून माझ्या तोंडावर फेंकण्यापेक्षां मींच सांगितलेलें काय वाईट? नोंदींत चुकीचें असें कांहीं दिसत नव्हतें. सनावळी बरोबर होती, नांवें बरोबर होतीं. परंतु ‘तिच्या संमतीनें’ या दोन शब्दांपाशीं लेखणी अडली, ती आठ दिवस अडलेलीच राहिली.

योगायोग असा कीं त्याच आठवड्यांत शेजारच्या एका सेवानिवृत्त गृहस्थांकडे चहाला चार मंडळी जमली होती. गृहस्थ नुकतेच अमेरिकेंतील मुलाकडून परतलेले. मुलगा यूटा राज्यांत नोकरीस असल्यामुळें सॉल्ट लेक शहरांतील मॉर्मनांचें भव्य मंदिर त्यांनीं पाहिलें होतें. अर्थात् बाहेरून, कारण आंत परक्यांस प्रवेश नाहीं. त्या पंथाचा दुसरा धुरीण ब्रिगहॅम यंग याच्या बायकांसाठीं बांधलेलें, छपराला ओळीनें खिडक्या असलेलें घर अजून तेथें उभें आहे, तेंही ते पाहून आले होते. बायकांचा आंकडा पन्नासांच्या वर जातो असें त्यांनीं सांगतांच हशा पिकला. एक गृहस्थ म्हणाले, आपल्याकडे असलें कांहीं नव्हतें. आपला धर्म एकपत्नीव्रताचा. दुसरे म्हणाले, आतां हा प्रकार आपल्या देशांत मुसलमानांतच काय तो उरला आहे. तिसरा एक तरुण वकील होता, वाचलेला आणि विचार करणारा. त्यानें शांतपणें विचारलें, “सर, पहिलीची हरकत नसेल तर तुमचं-आमचं काय जातं?” पहिल्या दोघांना उत्तर देणें सोपें आहे. हा लेख मुख्यतः तिसऱ्याला उद्देशून आहे, कारण त्यानें नकळत आमच्या कुलवृत्तांताच्या संपादकांचीच बाजू मांडली.

मॉर्मनांची कथा हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. इतर धर्मांत जी गोष्ट हजारों वर्षांच्या धुक्यांत दडलेली असते ती येथें तारीखवार पहावयास मिळते. मनूच्या कोणत्या श्लोकामागें कोणाची सोय होती हें आज कोणास सांगतां यावयाचें नाहीं. परंतु जोसेफ स्मिथनें काय लिहविलें, केव्हां लिहविलें आणि त्या वेळीं त्याच्या घरांत काय चाललें होतें हें सारें कागदोपत्रीं नमूद आहे. हा पंथ १८३० मध्यें न्यूयॉर्क राज्यांत स्थापन झाला. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मूळ ग्रंथांत, दावीद व शलमोन यांचे दाखले देऊन अनेक बायका करणाऱ्या पुरुषांची चांगलीच कानउघाडणी आहे. मात्र देवाला प्रजावृद्धि हवी असेल तर तो तशी आज्ञा देईल, एवढी एक फट त्या उपदेशांत ठेवलेली आहे. १८३५ मध्यें पंथानें आपल्या तत्त्वांचा संग्रह छापला. त्यांत एका पुरुषाला एक स्त्री, असें स्वच्छ म्हटलें होतें. आणि १२ जुलै १८४३ रोजीं, इलिनॉय राज्यांतील नॉवू गांवीं, स्मिथनें आपल्या लेखनिकाला एक ईश्वरी साक्षात्कार सांगून लिहविला. त्यांत अब्राहामाप्रमाणें अनेक स्त्रिया करणें हा दैवी नियम ठरला. तोंवर स्मिथचीं अनेक लग्नें होऊन चुकलीं होतीं. हें त्याच्या शत्रूंचें म्हणणें नव्हे. त्या चर्चनेंच २०१४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्याच्या बायकांची संख्या तीस ते चाळीस असावी असें मान्य केलें आहे, आणि त्यांतील एक मुलगी पंधरा वर्षें पूर्ण होण्यास कांहीं महिने कमी असतांना त्याला दिली गेली हेंही लपविलेलें नाहीं. लग्नें आधीं झालीं. आज्ञा मागाहून कागदावर उतरली.

त्या कागदावरील एक भाग मात्र प्रत्येक विवाहित पुरुषानें एकदां वाचावा. देव तेथें सर्व मानवजातीशीं बोलत असतां मध्येंच एका विवक्षित बाईशीं बोलूं लागतो. ती बाई म्हणजे स्मिथची पहिली पत्नी एमा. तिचें नांव घेऊन तिला बजावलेलें आहे कीं, नवऱ्याला दिलेल्या स्त्रियांचा तिनें स्वीकार करावा. न केल्यास तिचा नाश होईल. विश्वनिर्मात्याला नॉवू गांवांतील एका घरची कुरबूर मिटविण्यासाठीं धांवून यावें लागलें! याच साक्षात्कारांत पहिलीच्या संमतीचीही तरतूद आहे. सारेनें आपली दासी हागार आपणहून अब्राहामाला दिली, त्यावरून या तरतुदीला सारेचा नियम म्हणतात. नवऱ्यानें दुसरी करण्यापूर्वीं पहिलीची संमति घ्यावी. तिनें दिली तर उत्तमच. आणि न दिली तर? तर ती आज्ञाभंग करणारी ठरते, आणि नवरा त्या नियमांतून मोकळा होतो. म्हणजे तिला न विचारतां त्यानें पुढें जावें. ‘होय’ म्हटलें तरी लग्न, ‘नाहीं’ म्हटलें तरी लग्न. फरक एवढाच कीं ‘नाहीं’ म्हणणारीच्या माथीं वर पापही. संमतीची इतकी प्रामाणिक व्याख्या मीं दुसऱ्या कोणत्याही धर्मग्रंथांत पाहिलेली नाहीं. इतरत्र जें मोघम ठेवलेलें असतें तें येथें कलमवार लिहिलेलें आहे.

पुढचा इतिहास थोडक्यांत असा. १८४४ मध्यें स्मिथचा तुरुंगांत जमावाकडून खून झाला, आणि त्याचे अनुयायी ब्रिगहॅम यंगच्या मागोमाग यूटाच्या वाळवंटाकडे गेले. १८५२ च्या ऑगस्टमध्यें तेथें बहुपत्नीकत्वाची उघड घोषणा झाली. (आमच्या पनवेलची नगरपालिका त्याच सालची. सुधारणेचा प्रवास सर्वत्र एकाच दिशेनें होत नाहीं.) १८६२ पासून अमेरिकेच्या काँग्रेसनें एकामागून एक कायदे केले. १८८२ च्या कायद्यानें अनेक बायका करणाऱ्यांचा मताधिकार गेला आणि शेंकडों पुरुष तुरुंगांत पडले. १८८७ च्या कायद्यानें चर्चची संस्था बरखास्त होऊन मालमत्तेवर जप्ती आली. १८९० च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें ती जप्ती कायदेशीर ठरविली, आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत चर्चचे अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनीं जाहीरनामा काढून अशीं लग्नें बंद केलीं. हा प्रघात चालू ठेवला तर मंदिरें हातचीं जातील असें देवानें आपल्याला दाखविलें, असा त्यांनीं पुढें खुलासा केला. १८९६ मध्यें यूटाला राज्याचा दर्जा मिळाला. जी आज्ञा मोडली असतां एमाचा नाश व्हावयाचा होता ती मोडल्यानें चर्चला राज्य मिळालें. कांहीं वर्षें चोरून लग्नें होत राहिलीं; १९०४ मध्यें दुसरा जाहीरनामा काढावा लागला. आज तें चर्च अशा माणसास बहिष्कृत करतें. जे फुटून निघाले आणि जुनी आज्ञा धरून बसले अशा एका पंथाचा म्होरक्या २०११ पासून अल्पवयीन मुलींवरील अत्याचारांबद्दल टेक्सासमध्यें जन्मठेप भोगतो आहे.

यांत मॉर्मनांची विटंबना करण्याचा माझा हेतु नाहीं. ज्यांच्या पूर्वजांना मारझोड करून एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत हांकललें त्यांनीं वाळवंटांत कालवे काढून शहर वसविलें, हें मोठें काम आहे. मला दाखवावयाचें तें एवढेंच कीं, धर्म आणि बहुपत्नीकत्व यांचा संबंध कारणाचा नसून सबबीचा असतो. जी गोष्ट खरोखर धर्माच्या गाभ्याची असते ती जप्तीच्या हुकुमानें चार महिन्यांत गळून पडत नाहीं. पनवेलच्या बेथ एल सिनॅगॉगांत आमच्याकडील बेने इस्रायल मंडळी, ज्यांना कुलाब्यांत शनवार तेली म्हणत, त्याच अब्राहामाचें आणि याकोबाचें नांव घेत आली. त्यांच्याही पोथींत त्या पुरुषांना एकाहून अधिक बायका आहेत. पण त्यामुळें बायका वाढविल्याखेरीज स्वर्ग नाहीं असें त्यांतील कोणी म्हटल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. पोथी तीच, वाचणाऱ्याला काय हवें आहे त्यावर सारें अवलंबून.

आतां एकपत्नीव्रतवाल्या गृहस्थांकडे वळूं. रामाचें एकपत्नीव्रत आपल्याला भूषणावह वाटतें, आणि तें आहेही. परंतु त्याला व्रत म्हणावें लागलें यांतच सारें आलें. जें सर्वच करतात त्याला कोणी व्रत म्हणत नाहीं. खुद्द रामाच्या वडिलांच्या घरीं तीन राण्या होत्या, आणि त्यांतल्या एकीच्या मत्सरावरच रामायणाचें अर्धें कथानक उभें आहे. शास्त्रकारांत आपस्तंबानें, धर्मकार्याला आणि संततीला उणें नसलेली पत्नी असतां दुसरी करूं नये असें स्पष्ट सांगितलें. मनूनें मात्र वर्षांचा हिशेब मांडून दिला: मूल होत नसेल तर आठव्या वर्षीं, होऊन जगत नसेल तर दहाव्या, मुलीच होत असतील तर अकराव्या, आणि बायको उलट बोलणारी असेल तर तात्काळ. दुसरें लग्न करतांना पहिलीला द्यावयाच्या द्रव्याला ‘आधिवेदनिक’ अशी संज्ञा असून स्त्रीधनाच्या यादींत तिला जागा आहे. ज्यांच्या शास्त्रभाषेंत सवत आणल्याच्या नुकसानभरपाईला स्वतंत्र पारिभाषिक शब्द आहे त्यांनीं मॉर्मनांना हंसावें, हें जरा अति होतें. गोमंतकांत पोर्तुगीज सरकारनें १८८० मध्यें हिंदूंच्या रीतिरिवाजांची संहिता केली तेव्हां हाच हिशेब युरोपीय कायद्याचा पोशाख घालून आला: पंचविशीपर्यंत मूल नाहीं, किंवा तिशीपर्यंत मुलगा नाहीं, तर नवऱ्याला दुसरीची मुभा. सर्वांना एकच कायदा असलेला प्रदेश म्हणून गोव्याची वाखाणणी करणारे ही संहिता सहसा उघडीत नाहींत.

अमेरिकेच्या न्यायमूर्तींना मात्र आपली चांगली आठवण होती. १८७९ मध्यें, ब्रिगहॅम यंगचा चिटणीस जॉर्ज रेनॉल्ड्स याच्या खटल्यांत, धर्माच्या नांवाखालीं गुन्हा करतां येईल काय असा प्रश्न निघाला. न्यायालयानें ‘नाहीं’ असें उत्तर दिलें आणि दाखल्यादाखल सतीची चाल पुढें केली: पतीच्या चितेवर जळणें हा आपला धर्म आहे असें कोणी म्हटलें तर सरकारनें स्वस्थ बसावें काय? शिवाय बहुपत्नीकत्व ही आशिया-आफ्रिकेकडील लोकांची चाल, युरोपच्या उत्तर-पश्चिमेकडील राष्ट्रांना ती नेहमींच किळसवाणी वाटत आली, अशी मल्लिनाथीही केली. वाचतांना राग येतो. तुमच्या मॉर्मनांनीं केलें तें पाप आमच्या खात्यावर कां मांडतां, असें विचारावेंसें वाटतें. परंतु मुख्य निर्णय बरोबर होता: श्रद्धेला कायद्याचा हात लागूं नये, कृत्याला लागावा.

हाच धागा पुढें मुंबईंत येऊन पोंचला. मुंबई इलाख्यानें १९४६ मध्यें हिंदूंपुरता द्विभार्याप्रतिबंधक कायदा केला. (आजोबांचें दुसरें लग्न त्यापूर्वीं सात वर्षें, म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें निर्दोष.) राज्यघटना आल्यावर, हा कायदा धर्मस्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे अशी तक्रार घेऊन लोक न्यायालयांत गेले. नरसू आप्पा माळी या नांवानें प्रसिद्ध असलेल्या १९५१ च्या खटल्यांत मुख्य न्यायमूर्ति छगला आणि न्यायमूर्ति गजेंद्रगडकर यांनीं ती फेटाळली, आणि छगलांनीं त्यासाठीं मॉर्मनांविषयींच्या १८९० च्या एका अमेरिकन निर्णयाचा आधार घेतला. स्वतः मुसलमान असल्यामुळें हिंदु धर्माविषयीं बोलतांना आपल्याला संकोच वाटतो असें सूचित करून ते बोलले; पण बोलले तें आमच्या शास्त्रीपंडितांनीं शंभर वर्षें आधीं बोलावयास हवें होतें. पिंडदानासाठीं पुत्र हवा हें खरें, परंतु तोच धर्म दत्तकाची सोय करून देतो. मग पुत्रासाठीं दुसरी बायको कशाला? गजेंद्रगडकर तर सातारच्या संस्कृतज्ञ घराण्यांतले. शास्त्रानें दिलेली मुभा म्हणजे शास्त्राची आज्ञा नव्हे, हा भेद त्यांच्यासारख्यानें न्यायासनावरून मांडावा हें उचितच झालें. या निकालानें व्यक्तिगत कायद्यांना मूलभूत हक्कांच्या कसोटीबाहेर ठेवलें हें मात्र मला पटत नाहीं, आणि त्याचे परिणाम मुसलमान स्त्रियांनीं भोगले. तरी दत्तकाचा मुद्दा वाचला तेव्हां मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलों होतों. आमच्या वाड्यांत त्या काळीं आजोबांच्या थोरल्या भावाचीं चार मुलें अंगणांत खेळत होतीं.

यानंतर १९५५ चा हिंदु विवाह कायदा आला आणि दुसरें लग्न साऱ्या देशांत गुन्हा ठरलें. येथें धर्म आणखी एकदां नवऱ्याच्या मदतीस धांवला, तो अगदीं अनपेक्षित बाजूनें. आपल्या महाराष्ट्रांतील भाऊराव शंकर लोखंडे खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयानें १९६५ मध्यें दिला. पहिली बायको असतां त्यानें १९६२ मध्यें गांधर्व पद्धतीनें दुसरी केली होती; हार घातले गेले, कपाळाला कपाळ लावलें गेलें. खालच्या न्यायालयांनीं त्याला दोषी धरलें. सर्वोच्च न्यायालयानें विचारलें, अग्नीसमोर होम झाला काय? सप्तपदी झाली काय? हे विधि वगळण्याची रूढि सिद्ध झाली काय? तसें कांहीं सिद्ध झालें नाहीं. म्हणून तें शास्त्रोक्त लग्नच नव्हे. आणि लग्नच नव्हे तर दुसरें लग्न केल्याचा गुन्हा कोठला? आरोपी सुटला. चोरानें घर फोडलें, पण मुहूर्त पाहिला नव्हता, सबब ती चोरी नव्हे! कायद्याच्या शब्दांप्रमाणें न्यायालय चुकलें असें म्हणतां येणार नाहीं. चूक कायदा लिहिणाऱ्यांची, ज्यांनीं गुन्ह्याचें अस्तित्व भटजीच्या हातीं ठेवलें. त्या दिवसापासून ज्याला दुसरी करावयाची आहे त्याला वकील एवढेंच सांगतो कीं होम तेवढा करूं नका. शिक्षेचें कलम दंडसंहितेंत ४९४ वें होतें, २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेंत ८२ वें आहे. आंकडा बदलला, फिर्याद घेऊन उभें राहण्याचें ओझें अजून पहिलीवर किंवा तिच्या माहेरच्यांवर आहे, आणि होम-सप्तपदी सिद्ध करण्याचें ओझेंही त्यांच्याच डोक्यावर.

आणि त्या दुसरीचें काय? तिच्याकडे कोणी पाहत नाहीं. १९८८ मध्यें, महाराष्ट्रांतूनच गेलेल्या एका खटल्यांत, जिचें लग्न पहिली हयात असल्यामुळें रद्दबातल आहे ती पोटगीच्या कायद्यानें ‘पत्नी’ नव्हे, असें ठरलें. पुरुष तर गुन्हेगार नाहीं, कारण लग्न झालें नाहीं. आणि बाईला पोटगी नाहीं, कारण तेंच. पहिलें लग्न लपवून ज्या बाईला फसविलें तिला तरी पोटगी द्यावी, एवढें उमगावयास २०१३ साल उजाडावें लागलें, आणि तोही खटला महाराष्ट्रांतलाच होता. ज्यांना होम टाळण्याचीही तसदी नको होती त्यांनीं दुसरी वाट काढली. आधीं कलमा पढावयाचा, मग निकाह लावावयाचा. ना इस्लामवर श्रद्धा, ना हिंदुत्वाचा त्याग. १९९५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ही वाट बुजविली. मॉर्मनांनीं देवाला आपलें मत बदलावयास लावलें. यांनीं देवच बदलून पाहिला.

आपल्या देशांत हा प्रकार मुसलमानांतच उरला, असें म्हणणाऱ्या गृहस्थांना दोन आंकडे पुरेत. १९६१ च्या जनगणनेच्या निमित्तानें झालेल्या पाहणींत बहुपत्नीक विवाहांचें प्रमाण हिंदूंत ५.८ टक्के आणि मुसलमानांत ५.७ टक्के निघालें होतें. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत नवऱ्याला दुसरी बायको असल्याचें सांगणाऱ्या स्त्रिया हिंदूंत १.३ टक्के, मुसलमानांत १.९ टक्के. एकाला कायद्याची बंदी आणि दुसऱ्याला मुभा असून अंतर एवढेंच. मुभा जावी याविषयीं माझ्या मनांत शंका नाहीं. ती जावी म्हणून १८ एप्रिल १९६६ रोजीं मुंबईंत विधानभवनावर सात मुसलमान स्त्रिया मोर्चा घेऊन गेल्या, आणि त्यांना नेणारे हमीद दलवाई आपल्याच कोंकणांतले, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. त्या सातजणींच्या मागें तेव्हां आम्हां सुशिक्षित हिंदूंपैकीं किती उभे राहिले? आज ज्यांना मुसलमान स्त्रीचा कळवळा येतो त्यांनीं आधीं आपल्या गांवांतील ‘दुसरें घर’ कोणाकोणाचें आहे याची मनांतल्या मनांत उजळणी करावी. नांवें सर्वांस ठाऊक असतात.

उरला तो तरुण वकील. त्याचा प्रश्न मी टाळणार नाहीं, कारण त्याच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे. १८७० च्या जानेवारींत सॉल्ट लेकमध्यें मॉर्मन स्त्रियांनीं प्रचंड सभा भरवून बहुपत्नीकत्वाच्या बाजूनें भाषणें केलीं. त्याच वर्षीं यूटांत स्त्रियांना मताधिकार मिळाला. आतां त्या ही चाल मोडून काढतील असें पूर्वेकडील सुधारकांना वाटलें होतें. तसें झालें नाहीं, आणि १८८७ मध्यें काँग्रेसनें तो मताधिकारच काढून घेतला. आमच्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या ज्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयांतून १८८६ मध्यें डॉक्टर झाल्या, तेथूनच त्यांच्या आठ वर्षें आधीं एलिस शिप नांवाची मॉर्मन बाई डॉक्टर होऊन गेली. ती बहुपत्नीक कुटुंबांतली होती. मार्था ह्यूज कॅनन ही दुसरी एक डॉक्टर, नवऱ्याच्या अनेक बायकांपैकीं एक. १८९६ मध्यें ती यूटाच्या सीनेटवर निवडून आली, आणि त्या निवडणुकींत पराभूत झालेल्या उमेदवारांत तिचा नवराही होता. अशा बायकांना बावळट किंवा भेदरलेल्या म्हणणें हा मूर्खपणा होय. यूटानेंच २०२० मध्यें कायदा सैल करून, राजीखुशीनें असे संबंध ठेवणाऱ्या प्रौढांचा गुन्हा किरकोळ दंडापुरता केला, हेंही वकिलाला ठाऊक होतें.

तरी माझें उत्तर नकाराचें आहे. एखाद्या स्त्रीनें कर्तृत्व दाखविलें तें कोणत्या घरांत राहून दाखविलें यावरून त्या घराची योग्यता ठरत नाहीं. तसें असतें तर बालविवाहाचें श्रेय आनंदीबाईंच्या पदवीला चिकटवावें लागेल. प्रश्न एवढाच विचारावयाचा: तिनें ‘नाहीं’ म्हटलें असतें तर काय झालें असतें? एमा स्मिथला याचें उत्तर छापील मिळालें होतें. बाकीच्यांना तें कोणी लिहून दिलें नाहीं, आणि लिहून देण्याची गरजही नव्हती.

आमच्या थोरल्या आजीचें लग्न तेराव्या वर्षीं झालें. १९३९ मध्यें ती सत्तावीस वर्षांची होती. माहेर पेणेकडचें, वडील वारलेले, भाऊ कर्जांत. तिनें ‘नाहीं’ म्हटलें असतें तर लग्न थांबलें नसतें, एवढें आमच्या घरांतील कोणीही मान्य करील. फक्त ती स्वयंपाकघरांतून माजघराच्या कोपऱ्यांत गेली असती. धाकटी आजी सतरा वर्षांची. पांच बहिणींच्या पाठची. तिची संमति तर कुलवृत्तांताच्या संपादकांच्या मनांतही आली नाहीं. दोघी बेचाळीस वर्षें एका चुलीवर रांधत राहिल्या, आणि आमच्या घराण्यांत अभिमानानें सांगतात कीं सख्ख्या बहिणींसारख्या राहिल्या. राहिल्या हें खरें आहे. माझ्या वडिलांना अंगाखांद्यावर खेळविलें तें थोरलीनें. मला पहिलीं अक्षरें गिरवावयास शिकविलें तें तिनेंच. याचें श्रेय त्या दोघींचें. आजोबांचें नव्हे, आणि ज्या शास्त्रानें त्यांना आठव्या वर्षाचा हिशेब दाखविला त्याचें तर मुळींच नव्हे.

घरांत सांगत आलेली कथा अशी कीं, नवी नवरी उंबऱ्यांत आली तेव्हां ओवाळण्याचें तबक थोरलीनें स्वतः पुढें केलें. यापरती संमति ती कोणती? ती १९८१ मध्यें गेली. त्याच्या आदल्या पावसाळ्यांत, आजारपणांत, कोणी कौतुकानें ही कथा पुन्हां काढली तेव्हां, मंडळी उठून गेल्यावर, ती माझ्या आईला म्हणाली, “तबक मीच धरलं होतं हो. पण ते माझ्या हातांत कोणी दिलं, ते कुणी विचारीत नाही.” आईनें हें मला सांगितलें तें मी प्राध्यापक होऊन बरींच वर्षें झाल्यावर. इतकीं वर्षें कां सांगितलें नाहीं असें मीं विचारलें तेव्हां तिनें माझ्याकडे नुसतें पाहिलें.

मुद्रितांतील ‘तिच्या संमतीनें’ हे दोन शब्द खोडून मीं तीं परत पाठविलीं आहेत. संपादक सज्जन आहेत. त्यांचें उत्तर परवां आलें: नोंद घराण्यांत सर्वमान्य असून मागील आवृत्तींतही अशीच होती, शब्द खोडावयाचे तर त्या जागीं काय घालावें तें कळवावें, कारण ओळ मोकळी सोडतां येत नाहीं. त्या पत्राचें उत्तर मीं अजून लिहिलेलें नाहीं.